आमच्या ड्रमवर काही लिहिलेलं नाही

१४ मार्च, सोमवार
टँकर नवव्या दिवशी आला. दुपारी पावणेदोनला, ऊन डोक्यावर. गल्लीत अठरा घरं, अठरा ड्रम, सगळे निळे, सगळे एकाच दुकानातले. भरून झाल्यावर महानंदाबाई आणि चांदपाशा यांची जुंपली. ती किराणा दुकानवाली, तो रिक्षावाला. समोरासमोर राहतात, सकाळी एकमेकांना चहा पाजतात. आज एकच ड्रम दोघं दोन्हीकडून ओढत होते.
"माझ्या ड्रमला पोचा हाय, बघा की."
"पोचा तर माझ्याला बी हाय. बिनपोच्याचा ड्रम दाखवा मला अख्ख्या लातुरात."
टँकरची यादी माझ्याकडे, म्हणून निवाडाही माझ्याकडे. हुकूम काढला: रविवारपर्यंत प्रत्येकानं ड्रमवर ऑइलपेंटनं नाव घालायचं. लग्नात आलेल्या पातेल्यांवर नावं कोरून घेतो, मग ड्रमनंच काय पाप केलंय.
बत्तीस वर्षं गणित शिकवलं. गल्ली अजून बाकावर बसल्यासारखी ऐकते. बरं आहे.

१६ मार्च, बुधवार
नावं घालणार कोण? कुणाचं अक्षर धड नाही. चांदपाशा म्हणाला, "पेंटर तर तुमच्या घरातच बसून राहिलाय, बाई."
वि. बसूनच असतो. (तोंडावर अहो, वहीत वि. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, हेच चालू आहे.) झटका येऊन दीड वर्ष झालं. उजवा हात गेला, जीभ थोडी गेली. त्या हातानं तीस वर्षं एसटीचे बोर्ड रंगवले. लातूर–नांदेड. लातूर–देवणी. आता चमचा धरवत नाही म्हणून चिडतो, आणि मी भरवते म्हणून त्याहून चिडतो. फिजिओवाल्या मुलीनं दिलेला स्पंजचा चेंडू त्यानं कपाटामागे टाकलाय. मला माहीत आहे. मी काढलेला नाही.
विचारलं, नावं घालता का? मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

१९ मार्च, शनिवार
सकाळी सातला ओसरीत खुर्ची ओढून बसला. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलेलं. एक अक्षर, मग दम. पांढरा रंग. ऊन असं की तासाभरात वाळतो. तरी बोटाच्या टोकानं टेकवून बघतो, जुनी सवय.
मी स्वयंपाकात. अकराला बाहेर येऊन बघते तर तीन ड्रम झालेले, आणि नाव एकावरही नाही. महानंदाबाईच्या ड्रमवर:
देवणीची गाय मी, लांबून पाणी ओळखते.
"अहो, नाव घालायचं होतं."
"घातलं."
"हे नाव आहे?"
ब्रश रॉकेलच्या डब्यात.
महानंदाबाईचं माहेर देवणी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज दोन गल्ल्यांना पुरेल असा. आधी भडकली. "मला गाय म्हणले व्हय पेंटरसाहेब?" संध्याकाळी दुकानात देवणीकडचं कोणी गिऱ्हाईक आलं, त्यानं वाचलं, हसला, फोटो काढून नेला. त्यानंतर मला सांगायला आली, "नुसती गाय न्हाई बाई, देवणीची गाय. फरक असतोय."

२० मार्च, रविवार
सुमेधचा पुण्याहून फोन. दर रविवारी तेच बोलणं, आज तारखेसकट. १६ एप्रिलला येतो, १७ची परतीची तिकिटं काढली, आपल्या तिघांची. कायमचं चला. नळाला पाणी, जवळच चांगला फिजिओ, सोसायटीत लिफ्ट.
"आई, तिथं राहून करता काय तुम्ही? ड्रम राखता."
मी हो म्हटलं. खोटं कशाला, मला पटलेलंच आहे. सत्तरीकडे आलेल्या बाईनं दीड बादलीत दोघांचं भागवायचं, त्यात आजारी माणसाचे कपडे. हिशेब सरळ आहे.
वि.ला सांगितलं. त्यानं ऐकलं. चांदपाशाच्या ड्रमचं शेवटचं अक्षर चालू होतं, ते पुरं केलं:
कोणी नसलं तरी एकदा हॉर्न वाजवून बघतो.

२३ मार्च, बुधवार
नावं सोडून सगळं लिहितोय. वरच्या खोलीत नायगावच्या चार मुली राहतात, मेडिकलच्या क्लाससाठी आलेल्या. त्यांच्या ड्रमवर: चार जणी, एक ड्रम, उत्तर अजून काढायचं आहे. मुली खूष. मी नाही. यादीत मी काय लिहू, "हॉर्नवाला"?
आज तर कहर. माने जानेवारीत घर बंद करून पुण्याला गेले. जाताना ड्रम दारातच राहिला. कुलूपबंद घराला पाणी नाही, हा माझा नियम. यादीतून नाव काढलं त्याला दोन महिने झाले. वि.नं त्या ड्रमवरही लिहिलं:
मी इथंच आहे. ते येतील.
"कुणी सांगितलं तुम्हाला येतील म्हणून?"
माझ्याकडे बघून हसला. झटक्यापासून हसू एका बाजूनंच येतं. मला तेही... असो.

२५ मार्च, शुक्रवार
वॉर्डातून निरोप. टँकरवर रोज वेगळा माणूस असतो, म्हणून ड्रमवर फक्त घरनंबर पाहिजे, बाकी मजकूर नको. बरोबरच आहे. मी हेच सांगत होते.
टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन निघाले. पहिला ड्रम महानंदाबाईचा. ती आतून आली, रिकामा ड्रम आडवा केला आणि त्याच्यावर बसली. पदर खोचून, पाय पसरून.
"पुसा आता."
"उठा तुम्ही."
"न्हाई उठत. पन्नास वर्सं झाली, माझ्यावर कुणी एक ओळ लिव्हली न्हाई. नवऱ्यानं न्हाई, पोरांनी न्हाई. रेशनकार्डावर बी नाव चुकलेलं हाय."
गल्ली जमली. चांदपाशानं तेवढ्यात आपला ड्रम रिक्षात टाकून दूर नेला. कुणी माझ्याशी भांडलं नाही, नुसते उभे राहिले. शाळेत असं झालं असतं तर सगळ्यांना बाहेर काढलं असतं. इथं सगळे बाहेरच होते.
शेवटी तोडगा माझाच: नंबर झाकणावर घाला, ड्रम तसाच राहू द्या. वि.नं अठरा झाकणांवर अठरा आकडे घातले. आकडे मात्र सुरेख आले.

२८ मार्च, सोमवार
चौदाव्या दिवशी टँकर. आणि माझी चूक. चूकच.
झाकणं सगळी सारखी, कुणाचंही कुणालाही बसतं. काल वावटळ आली, निम्मी झाकणं गल्लीभर उडाली. लोकांनी हाताला आलं ते बसवलं. टँकरवाला नवा, झाकणावरचे नंबर माझ्या यादीशी ताडून भरत गेला. मी शेजारी उभी राहून खुणा करत गेले. नायगावच्या मुलींचं झाकण मान्यांच्या ड्रमवर होतं. कुलूपबंद घराचा ड्रम काठोकाठ भरला, आणि मुलींचा कोरडा. टँकर गेल्यावर लक्षात आलं.
बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, आकडा फसवत नाही.
चांदपाशा म्हणाला, "यादी सोडा बाई, ड्रम वाचा." मग त्यानंच एकेक ओळ मोठ्यानं वाचली आणि माणसं आपापल्या ड्रमपाशी येऊन उभी राहिली. दहा मिनिटांत निस्तरलं. एकालाही विचारावं लागलं नाही. सगळ्यांची ओळ सगळ्यांना पाठ आहे.
मुलींनी मान्यांच्या ड्रममधून पाणी नेलं. त्यातली प्रणिता खाली येऊन वि.ला म्हणाली, "काका, ते येतील म्हणालात, आले बघा."

३० मार्च, बुधवार
चैन नाही. घरभर फिरतेय. बांधाबांध सुरू करायची तर काय न्यायचं आणि काय टाकायचं. वि.च्या दोन ट्रंका आहेत. एसटीच्या जुन्या ट्रिपशीटच्या कोऱ्या बाजूवर चाळीस वर्षं लिहिलेलं. मी कधी वाचलं नाही. संसार मी ओढायचा, शाळा मी करायची, धाकट्या दिरांची शिक्षणं मी बघायची, आणि हा ट्रिपशीटवर पावसाला पत्रं लिहिणार. रागच होता. आहे.
आज विचारलंच. दुपारी, ताक देताना.
"लिहून होतं काय, ते एकदा सांगा. आयुष्यभर लिहिलंत. जयंतीला विहारात वाचलंत. टाळ्या मिळाल्या. पुढं?"
त्याचे शब्द आता एकेक करून येतात, म्हणून नेमके येतात.
"बोर्ड नसला. तर गाडी कुठली, कळत नाही."
"बोर्ड नसला तरी गाडी जातेच की."
"जाते." ताक संपवलं. पेला नीट खाली ठेवला, उजव्या हातानं. "पण चढणार कोण?"
उत्तर अजून शोधतेय.

३ एप्रिल, रविवार
सुमेधचा फोन. बाबा काय म्हणतात? म्हटलं, काही म्हणत नाहीत.
सतरा ड्रम झाले. आमचा कोरा. दोन दिवस वाट बघितली, मग म्हटलं, आपल्यावर काय घालताय?
"जायचं ना?"
"हो."
"मग कशाला."
एवढंच. ब्रश धुऊन ठेवून दिला.

५ एप्रिल, मंगळवार
महानंदाबाईला बातमी कळली. भांडायला आली. "जावा जावा. आमचा उदगीर जिल्हा व्हायलाय, मग देवणी बी तुमच्या लातुरात न्हाई. तुमी पुण्यात, आमी उदगिरात. लातुरात राहील कोण, हे डोळेफोडे ऊन?"
गेली किती वर्षं उदगीर जिल्हा होतोय. तिचा विश्वास ढळत नाही. नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी भाच्यासाठी दुकानाची जागासुद्धा हेरून ठेवलीय.
वि. आतून म्हणाला, "बोर्ड मी रंगवीन."
"हाव, तुमीच. दुसऱ्याला न्हाई देत मी."
दोघं हसत होते. एक जिल्हा अजून झालेला नाही, एक हात अजून आलेला नाही, आणि काम ठरलंसुद्धा.

७ एप्रिल, गुरुवार
ट्रंक उघडली. रद्दीत द्यायचं की न्यायचं हे ठरवायला तरी बघावं लागणारच.
वरचाच गठ्ठा लातूर जिल्हा झाला त्या वर्षाचा निघाला. ते दिवस आठवले. पाऊस नव्हता, आणि लोक मात्र लग्नघरासारखे. आता सगळी कचेऱ्यांची कामं इथंच होणार, आता बरे दिवस येणार. वि. महिनाभर पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून "जि. लातूर" लिहीत होता. घरी यायचा तो नखांत रंग घेऊन. मला सुमेधच्या वेळचे दिवस गेलेले, मी हापशावर रांगेत. मला त्या आनंदाचा राग आलेला पक्का आठवतो.
एका ट्रिपशीटच्या मागं:
नवं नाव लिहिताना जुनं थोडं दिसत राहतं.
दुसरा हात मारला, तिसरा मारला,
तरी रांगेतली बाई दिसत राहते.
रांगेतली बाई.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरण खाली लागलं. वि.नं तेच भातात कालवून खाल्लं. मी वाचलं हे त्याला कळलं असेल का? गठ्ठ्याची सुतळी मला त्याच्यासारखी बांधता आली नाही.

८ एप्रिल, शुक्रवार
टँकर. मान्यांचा ड्रम रांगेत. मी ठेवला नव्हता.
"हा कुणी आणला?"
चांदपाशा: "ड्रम बोलून राहिलाय ना बाई, येतील म्हणून. आपण कशाला खोटं पाडायचं?"
"नियम आहे."
"हाय की. सगळ्यांचं एकेक घागर कमी भरा. कुणाची हरकत न्हाई म्हणून सही पाहिजे तर सांगा, आणतो."
यादीत खाली लिहिलं: माने. जानेवारीत मारलेली रेघ वर दिसत होतीच.

१२ एप्रिल, मंगळवार
विहारातली मंडळी आली. यंदा पाण्याअभावी गर्दी नको म्हणून जयंतीचं कविसंमेलन नाही. पाणपोई मात्र हवी, उन्हातून लोक चालत येणार. तुमच्या गल्लीतून ड्रम मिळतील का? म्हटलं, ड्रम मिळतील, पाण्याचं बघते.
घरोघर गेले. महानंदाबाई म्हणाली, "माझा ड्रम पुढं ठेवा. अक्षर दिसलं पाहिजे." चांदपाशा वाहतूक करणार. पाणी मान्यांच्या ड्रममधलं, वर प्रत्येक घरचा एकेक तांब्या. आमचाही ड्रम द्यावा लागला. सहा मागितले होते, बाकीच्यांत धुण्याचं पाणी होतं.

१४ एप्रिल, गुरुवार. जयंती
वि.ला पांढरा सदरा घातला. बटणं त्यानं लावली, वरची दोन. चांदपाशाच्या रिक्षातून विहारापर्यंत.
मांडवाखाली सहा ड्रम ओळीनं. ज्यानं मांडले त्यानं काही ठरवून मांडलेले नव्हते. लोक उन्हातून यायचे, पेला घ्यायचे, पीत पीत पुढं सरकायचे, आणि प्यायचं म्हणजे समोरचं वाचायचं. मी पेले विसळायला बसले होते, म्हणून मला ऐकू येत होतं.
देवणीची गाय मी, लांबून पाणी ओळखते.
कोणी नसलं तरी एकदा हॉर्न वाजवून बघतो.
चार जणी, एक ड्रम, उत्तर अजून काढायचं आहे.
मी इथंच आहे. ते येतील.
पाचवा गल्लीच्या टोकाच्या शिंपीणबाईचा: उसवलं तेवढंच शिवते, आभाळ माझ्याकडे आणू नका. तिथं लोक हसायचे. एक म्हातारी पेला हातात धरून परत पहिल्या ड्रमपाशी गेली आणि नातीकडून सगळं पुन्हा वाचून घेतलं. रांग अडली. कुणी ओरडलं नाही.
वि. खुर्चीवर. दरवर्षी या मांडवात माईकसमोर उभा राहायचा. आज बोलला नाही, आणि इतकं त्याचं कधी वाचलं गेलं नसेल.
सहाव्यापाशी येऊन लोक थांबायचे. आमचा. गोल फिरून मागची बाजू बघायचे.
"ह्याच्यावर काहीच न्हाई व्हय?"
किती जणांनी विचारलं. मी पेले विसळत राहिले.

१५ एप्रिल, शुक्रवार
कपडे भरले. औषधं वेगळ्या पिशवीत. यादीची वही चांदपाशाला द्यायला गेले. घेतली नाही. "माझ्यानं न्हाई होणार, मी सगळ्यांनाच हाव म्हणतो."
घरी येऊन वि.ला म्हटलं, "लिहा आता आपल्या ड्रमवर. लोक विचारतात. जाताना कोरा टाकून गेलेलं बरं दिसत नाही."
"तू लिही, बाई." गल्लीसारखं मलाही बाई म्हणतो, चिडवायचं असलं की.
"मला येत नाही."
"तुझी एक होती. नांदेडला. कॉलेजच्या अंकात."
"आठवत नाही."
"मला आठवते."
एकोणीस वर्षांची होते. खाली नाव छापू नका म्हणून सांगितलं होतं. लग्नाच्या आधीची गोष्ट. याला कुठून मिळाली, हे विचारलं नाही. सगळी दुपार विचारावंसं वाटत होतं.

१६ एप्रिल, शनिवार
सुमेध आला. चेहरा उतरलेला, प्रवासानं. आल्या आल्या बाबांचा हात हातात घेतला, बोटं वळतात का बघितली. वळतात. चकित झाला. "कोणता फिजिओ?" वि.नं दाराबाहेर बोट दाखवलं, ड्रमांकडे. पोरगं बाहेर जाऊन एकेक वाचत आलं, मान्यांच्या ड्रमपाशी जरा रेंगाळलं. जेवताना म्हणालं, "तिकडंही रंग मिळतो आई, कागद मिळतो."
खरं आहे ते. तो वाईट सांगत नाही, हीच अडचण आहे.

१७ एप्रिल, रविवार
टँकर उद्या. गाडी आज रात्रीची.
सकाळी सातला डबा उघडला, ब्रश घेतला, ड्रमसमोर स्टूल टाकून बसले. अर्धा तास नुसतीच. फळ्यावर हजारो उदाहरणं सोडवली, तिथं हात कधी थांबला नव्हता. वि. ओसरीतून बघत होता. शेवटी लिहिलं:
आम्ही दोघं
अक्षर वाकडं आलं. पुढं काय, सुचेना. ब्रश धुतला.
महानंदाबाई दुकानातून: "पुढं, बाई?"
"बघू."
"बघा बघा. घाई न्हाई. उद्या पाण्यापतुर हाय की टाइम."
चार वाजता बॅगा ओसरीत आल्या. चांदपाशाची रिक्षा सहाला सांगितलेली. सुमेध म्हणाला, आई, ड्रम आत घेऊन कुलूप लावू, नाहीतर कुणीतरी नेईल. आणि ड्रम उचलायला वाकला.
"हात लावू नको," म्हटलं. "रंग ओला आहे."
तो तसाच थांबला. मग सावकाश बोटाचं टोक अक्षरावर टेकवलं, अगदी वि. टेकवतो तसं. बोट बघितलं. कोरडं.
पेंटरचा मुलगा आहे. लातूरच्या उन्हात सकाळचा रंग चारला ओला राहत नाही, हे त्याला सांगायला नको.
"किती वेळ लागेल?" म्हणाला.
"सांगता येत नाही."
स्टूल ओढून ड्रमशेजारी बसलाय. वि.ही तिथंच. सहाला वीस मिनिटं आहेत.